शे कुळाला आवतण

आडनाव विचारलं की मी आधी समोरच्याचा चेहरा बघून घेते. घाईत असला तर नुसतं "शे" म्हणते आणि पुढं त्याला काय लिहायचं ते लिहू देते. आजवर माझ्या नावाला शेळके, शेटे, शेवाळे, एकदा तर शेख असं सगळं लागून गेलंय, आणि यातल्या कुठल्याच घराण्यानं अजून तक्रार केलेली नाही. माणूस निवांत असला तर मात्र बसवून सांगते. शे. एवढंच, पुढं काही नाही. चिनी आडनाव आहे. व्हय, तुळजापूरची. जन्म इथलाच. आई तामलवाडीची, तिच्या माहेरी अजून ज्वारी पिकते. चिनी भाषा मला तुमच्याइतकीच येते. एवढं झालं की माणूस माझे डोळे निरखतो, जरा ओशाळतो, आणि नेमका तोच प्रश्न विचारतो जो आमच्या दादाच्या लग्नात सगळ्या गल्लीनं विचारला होता. तुमच्या या शे लोकांत कुणी नाव काढलेलं माणूस होऊन गेलं का हो? गेलं. पण ते आम्हाला स्वतःलाच त्या लग्नापर्यंत माहीत नव्हतं.

आमचं घर देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मध्ये पडदा. दुकान दातांचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दात काढायचे आणि आजोबा आत बसून कवळ्या करायचे. देवीला आलेले लोक आज तोंडाचं माप देऊन जायचे, दर्शन, मुक्काम, पुरणपोळी सगळं उरकायचे आणि जाताना नवे दात घालून गावाकडं निघायचे. दिवसभर रस्त्यावर बांगडीवाल्यांची हाळी, लांबून संबळ, आत आजोबांच्या पायानं चालवायच्या यंत्राची घरघर, आणि मधूनच अण्णांच्या खुर्चीतून एखादी बोंब. घरात लवंगेच्या तेलाचा वास आणि फोडणीचा वास एकमेकांशी भांडत असायचे. आईचं आणि आजोबांचं भांडण एकाच गोष्टीवरून, की प्लॅस्टर कालवायला माझी वाटी घेऊ नका. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच वाटी घ्यायचे.

आजोबांचं जेवण सगळं आमच्यासारखंच, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी. फक्त थंडीत एकदा ते चूल मागून घ्यायचे. गव्हाचं पीठ आंबवून त्याचे गोळे आईच्या मोदकपात्रात वाफवायचे, आणि आम्ही ते ठेच्याबरोबर खायचो. त्याच सकाळी परसात भिंतीकडं तोंड करून ते एक भाताची वाटी, एक कोऱ्या चहाची पेली आणि उदबत्ती ठेवायचे. कुणासाठी ते सांगायचे नाहीत. आई विचारायची नाही. ती फक्त भातावर तुळशीचं पान ठेवून यायची, तिच्या मते त्याशिवाय नैवेद्य पोचत नाही. मी मात्र विचारायची. लहानपणापासून मला नको तिथं बोट घालायची खोड. आजोबा यंत्र जोरात चालवायचे, म्हणजे आपण ऐकलंच नाही असं झालं.

त्यांच्या अशा गप्प बसण्यामागं काय होतं, ते थोडंफार ठाऊक होतं. तरुणपणी ते चीनच्या हुबेई प्रांतातून दातांच्या अवजारांची पेटी घेऊन निघाले, कलकत्ता, मग जत्रेजत्रेनं हिंडत इथं आले आणि इथंच राहिले. आजी इकडचीच, ती अण्णांच्या लहानपणी गेली. चीनशी लढाई झाली तेव्हा मी आईच्या मांडीवर होते. अण्णा इथं जन्मलेले म्हणून त्यांना कुणी काही केलं नाही. आजोबांना मात्र नेलं, दूर राजस्थानात, छावणीत. परत आले ते दोन वर्षांनी, आणि त्यानंतर माणसांत आले नाहीत. दर महिन्याला ठाण्यात हजेरी लावायला जायचे, तेवढंच. बाकी पडद्याच्या आत. चिनी शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, अगदी शिंकतानासुद्धा.

आता दादाचं. दादा दर बाजाराला लोहाऱ्याला जाऊन दात बघायचा. तिथं एक बाई कवळीसाठी यायला लागल्या. बाई कडक, कवळी बसली तरी "टोचती" म्हणून परत परत यायच्या, आणि हाताला धरून आणायला भाची, मंगल. कवळी टोचत होती की नाही देव जाणे, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला दादाच्या ध्यानात आलं की आपण बाईंच्या तोंडापेक्षा भाचीच्या तोंडाकडं जास्त बघतोय. बाईंच्याही ध्यानात आलं. त्या मंगलच्या आत्या, विधवा, आणि त्या घरात त्यांचाच शब्द चालायचा. मंगलचे वडील तहसील कचेरीत कारकून. त्यांनी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी ठरवून टाकलं की पोरगा कामाचा आहे, दारू पीत नाही, हात हलका आहे. चिनी असला तर असूद्या. अट एकच. लग्नानंतर घरात देवीचा गोंधळ घालायचा, रीतसर.

अट कसली, अण्णा म्हणाले, तुळजापुरात राहतो, घालू की. लग्न झालं आणि आत्याबाई पाठराखीण म्हणून नवरीबरोबर आमच्याकडं आल्या. तेव्हा अट पुरती उलगडली. गोंधळात गोंधळी गावोगावच्या देवांना आवतण देतो, आणि त्यांच्याकडच्या रीतीनं मग त्या कुळातल्या नावाजलेल्या वडीलधाऱ्यांना एकेक करून बोलावतो. ते येतात, नव्या सुनेला बघतात, तेव्हा ती त्या घरची होते. तोवर तिनं चुलीला शिवायचं नाही. आत्याबाईंनी अण्णांना समोर बसवून सांगितलं.

"डॉक्टर, तुमची माणसं चांगली हायत, त्यात वाद न्हाय. पण ज्या कुळाला बोलवायला मागं कुणीच न्हाय, तिथं पोरगी ठिवून मी कशी जाऊ? गोंधळ नीट झाला तर मी एकटी जाते. न्हायतर हिला घिऊन जाते."

मंगलवहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, आणि घरात आल्या आल्या माझी वेणी घालून दिलेली. मला बहीण नव्हती. त्या गेल्या तर मी कुणाचं काही ऐकणार नाही असं मी आईला सांगून टाकलं. आई म्हणाली, तू एरवी तरी कुणाचं ऐकतेस? पण तिचाही घास त्या दिवशी ताटातच राहिला. दादा तर दुकानात नुसताच चिमटे पुसत बसलेला.

दगडूबा गोंधळी आदल्या दिवशी विचारायला आला, कुणाकुणाला बोलवू. अण्णांनी हात वर केले. त्यांना स्वतःच्या आजोबांचंही नाव सांगता येईना. तेव्हा शेजारचे पुजारीकाका मदतीला धावले. काका फार मायाळू माणूस, आणि मायाळू माणसांनी जेवढे घोटाळे केलेत तेवढे दुष्टांनी केले नसतील. म्हणाले, आहे की, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात चित्र आहे बघा, पाठीवर पोथ्यांचं ओझं घेतलेला चिनी यात्रेकरू. एवढ्या लांबून चालत भारतात आला, पुण्यवान, विद्वान. त्यालाच बोलवा. दगडूबानं चित्राखालचं नाव दोनदा जिभेवर घोळवून बघितलं आणि संबळावर बसतंय म्हणाला. आत्याबाईंना चित्र दाखवलं, त्यांनाही माणूस पसंत पडला. अण्णांनी सुस्कारा सोडला. पूर्वज मिळाला.

मी धावत आत गेले आणि आजोबांना सांगितलं. त्यांचा पाय यंत्रावर थांबला. ते हसायला लागले. मी त्यांना एवढं हसताना पहिल्यांदा बघितलं, डोळ्यांना पाणी येईस्तोवर. म्हणाले, "तो आपला न्हाय. त्याचं घर दुसरं. आवतण भलत्याला गेलं, तर घरचे उपाशी उठतील."

"मग घरचे कोण हायत?" मी विचारलं, आणि या वेळी त्यांनी यंत्र चालू केलं नाही.

त्यांनी हातातल्या कवळीला मेण लावता लावता सांगितलं, दुपारभर, तुटक तुटक. शे हे आडनाव तिकडंही फार थोड्यांचं. काही आडनावांची माणसं तिकडं दर गल्लीत सापडतात, शे मात्र गावंच्या गावं पालथी घातली तरी भेटत नाहीत. म्हणून दोन शे भेटले की आधी भाऊ म्हणून चहा पितात, मग कुठले ते विचारतात. आणि शेनं शेशी लग्न करायचं नाही, नातं कितीही लांबचं असलं तरी. आपल्याकडं एका देवकात करत नाहीत तसंच. फार जुन्या काळी एक शे राजाच्या विद्यापीठात पंडित होता, आडनाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं ते त्याचं. मी विचारलं, त्याच्याआधी शे नव्हते का? म्हणाले, असतील, पण गरिबाचं कोण लिहितो. मग एक म्हातारी होती, माहेरची शे. घरातले सगळे पुरुष लढाईत पडल्यावर, पिकल्या केसांनी, विधवा सुनांना घेऊन स्वतः लढायला निघाली. ती खरी की नाटकवाल्यांनी रचलेली यावरून त्यांच्या गावात भांडणं व्हायची. मी म्हणलं आजोबा, ही आत्याबाईंना दाखवायला पाहिजे. पुन्हा हसले.

आणि मग तिसरा. हा सांगताना त्यांनी कवळी खाली ठेवली. राजधानीत एक सेनापती होता, सरहद्दीवर शत्रूला अडवून धरणारा. कुणी तरी राजाचे कान भरले आणि राजानं त्याला फितूर ठरवून मारला. मुंडकं खांबाला टांगलं, लोकांनी बघावं म्हणून. जवळ जायची कुणाची छाती होईना. त्याच्या पदरी एक शे होता, साधा शिपाईगडी. त्यानं ते मुंडकं चोरून आणलं, आपल्याच घराच्या अंगणात पुरलं आणि तिथंच राखणीला बसला. मरताना पोरांना सांगून गेला, मला त्याच्या पायाशी पुरा, सरकारी चाकरी धरू नका, इथून हलू नका. पोरं हलली नाहीत. नातवंडं हलली नाहीत. शंभरावर वर्षांनी दुसऱ्या कुठल्या राजानं सांगितलं की सेनापती निर्दोष होता. तोवर सगळं जग त्याला फितूर म्हणत होतं आणि हे एक घर त्याच्या मातीवर पाणी घालत होतं.

मी विचारलं त्या शेचं नाव काय. आजोबा म्हणाले, न्हाय. म्हणजे माहीत नाही? म्हणजे ठेवलंच नाही. नाव कळलं असतं तर सगळं घर कापलं गेलं असतं, म्हणून घरच्यांनीच पुसून टाकलं. उरलं ते आडनाव. मग मी शेवटचं विचारलं, आपण त्याचेच ना? म्हणाले, ते तिकडं उत्तरेचे, आपण हुबेईचे, मधे चालत जायचं तर महिने लागतात. रक्त एक आहे का, मला ठाऊक न्हाय. खोटं सांगू नको जाऊन.

मी एक अक्षर खोटं सांगितलं नाही. पडद्याबाहेर येऊन सगळं ओकले, "ठाऊक न्हाय" सकट. पुजारीकाका हिरमुसले, त्यांचा यात्रेकरू गेला. दगडूबा डोकं खाजवत म्हणाला पंडित चालेल, म्हातारी तर फर्मास, पण तिसऱ्याला कसं बोलवू? बिननावाचं आवतण जात न्हाय. अण्णा म्हणाले मग त्याला सोडू, तसाही तो आपला आहे की नाही नक्की नाही. तेव्हा आत्याबाई मधे पडल्या.

"आमच्या मूळ पुरुषाला तरी कुणी बघितलंय? मेलेल्याची राखण केली न्हवं त्यानं? मग त्याच्याबिगर गोंधळ न्हाय."

दगडूबानं तोड काढली. ज्याचं नाव गोंधळ्याला ठाऊक नाही त्याला घरच्या कर्त्या माणसानं स्वतः दिवटीवर तेल घालून, आपल्या बोलीत हाक मारावी. मी संबळ धरतो. कर्ता माणूस म्हणजे आजोबा. मी हा निरोप आत नेला. आजोबांनी एवढंच विचारलं, जमादार येणार का? जमादार म्हणजे ठाण्यातले, ज्यांच्यापुढं आजोबा महिन्याला हजेरी देत. चार घरं सोडून राहायचे, त्यांना बोलावणं गेलेलं. मी म्हणलं, येणार. आजोबांनी पडदा ओढून घेतला. चार माणसांपुढं, जमादारापुढं चिनी बोलायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की मंगलवहिनींनी आपली पेटी बांधायला घेतलीय आणि त्या पाठमोऱ्या बसून बांधतायत. मला रडू आलं, रागही आला, आजोबांचाच आला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि चौक मांडला. पाट, कलश, उसाची पाच कांडं. आईनं सकाळपासून पुरण वाटलेलं, आत्याबाईंनी लोहाऱ्याकडची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केलेली, गूळ हात आखडता न घेता. गल्ली भरली. जमादार बायकोला घेऊन आले आणि त्यांना मान म्हणून नेमकं पुढं बसवलं. दगडूबा पायघोळ झग्यात, गळ्यात कवड्या, हातात दिवटी. त्यानं तुळजापूरच्या आईपासून सुरुवात केली आणि एकेका गावचा देव बोलावत आणला, नावागणिक अण्णा दिवटीवर तेल घालत होते. देव संपले. दगडूबा कुळाशी येऊन थांबला. संबळ हळू झाला, पण चालू राहिला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आत्याबाई मांडीवर हात ठेवून ताठ बसलेल्या. दादानं मान खाली घातली.

पडदा हलला. आजोबा धुतलेला पांढरा सदरा घालून आले, कुणाकडं न बघता. अण्णांच्या हातातली तेलाची पळी त्यांनी घेतली. तेल सोडलं आणि बोलले. तो आवाज मी ओळखलाच नाही. घरात खालमानेनं "व्हय, न्हाय" करणारा आमचा म्हातारा तो नव्हताच. शब्द कळत नव्हते, एवढं कळलं की पहिला पंडित, मग म्हातारी, आणि तिसऱ्या वेळेला एकच अक्षर, लांबवून, अंगणापलीकडं कुणाला हाक मारावी तसं. शे. दगडूबा प्रत्येकाला म्हणाला, या, गोंधळाला या. आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले. झालं, मी म्हणलं, सुटलो.

आजोबांनी पळी परत तेलात बुडवली. दगडूबाला वाटलं चुकून, तो दिवटी मागं घेणार तोच आजोबांनी तिच्यावर तेल सोडलं, आणि या वेळी मराठीत बोलले. जमादारांकडं बघून बोलले.

"शे वनली. माझा धाकटा भाऊ. आसामात होता. छावणीत भेटला. तापानं गेला. तिथंच रेतीत पुरला, म्या हातानं."

संबळ थांबला. अण्णा होते तिथंच खाली बसले. आपल्याला काका होता हे त्यांना त्या क्षणी, दाढीत पांढरे केस आल्यावर कळत होतं. आजोबांनी एवढी वर्षं का सांगितलं नाही, ते नंतर एकदाच बोलले. नाव सांगितलं असतं तर ठाण्यात विचारलं असतं, त्याची बायको कुठं, पोरं कुठं, कुणाकुणाला ओळखता. म्हणून कुणालाच सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही. जमादार उठले, पुढं आले, आजोबांच्या हातातली पळी धरून उरलेलं तेल दिवटीवर सोडलं आणि जागेवर जाऊन बसले. मग दगडूबानं घसा साफ केला आणि ते नाव गळ्यातून नीट, प्रेमानं काढलं. शे वनली, गोंधळाला या. मी आजही मनातल्या मनात ते त्याच्याच चालीत म्हणते.

सकाळी आत्याबाईंनी मंगलवहिनींना चुलीपुढं बसवलं, पहिला घास वनलींचा वेगळा काढायला लावला, आणि पिशवी उचलून एकट्याच लोहाऱ्याच्या गाडीत बसल्या. आजोबा दुकानाच्या पायरीवर उन्हात बसलेले, बाहेर, रस्त्याच्या बाजूला. अण्णा त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा लहान पोरासारखं विचारत होते, काका दिसायला कसा होता हो? आजोबांनी विचार केला. उंची, रंग, केस, काही सांगितलं नाही. जन्मभर तोंडात बघत आलेला माणूस, दुसरं काय सांगणार. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, अंगठ्यानं ओठ वर केला आणि म्हणाले, "हे पुढचे दोन. जरासे पुढं आलेले. त्याचेच हायत."

आजोबा, अण्णा गेले, आणि कवळ्या मी करायला लागले. हजारोंचे दात मी सरळ रेषेत बसवले, पुढं आलेले मागं घेतले, लोक आरशात बघून खूश होऊन गेले. गेल्या वर्षी माझे पुढचे दोन पडले. कवळी माझी मीच केली. वहिनी म्हणाल्या, आता तरी सरळ बसवून घ्या की वन्सं. मी ते दोन जरासे पुढंच ठेवलेत.